४३ डिग्रीत राहिलेली वायल आणि फॅबचं सिम्युलेशन : एक प्रकरण अभ्यास

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ ला टेकतो हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आणि अशा दिवसांत दुपारी लाईट गेली की डोळ्यांच्या दवाखान्यातला औषधाचा फ्रीज किती तास थंड राहणार हा प्रश्न एकदम खरा होतो. हे प्रकरण तिथूनच सुरू झालं. माझ्याकडे एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी एक विद्यार्थिनी आहे, तिचे मामा शहरातल्या एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये कामाला आहेत, आणि एका दुपारी त्यांचा तिला फोन आला की राणिबिझुमॅब या डोळ्याच्या औषधाची एक वायल, म्हणजे छोटी बाटली, फ्रीजबाहेर राहिली, पाच-सहा तास तरी झाले असतील. "अगं तू ते कॉम्प्युटरवर प्रोटीन हलवून बघतीस नव्हं, मग सांग की, हे चालंल का टाकून द्यायचं?" ती म्हणाली, "थांबा की मामा, मॅडमना विचारून सांगते."

मी तिला लगेच सांगितलं की त्या वायलचा निर्णय सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर अणूंची हालचाल गणिताने काढून बघण्यावर, होत नसतो. लेबलवर २ ते ८ अंश लिहिलंय, तापमानाची नोंद नाही, वायल वापरायची नाही, डॉक्टरांना आत्ताच सांगायचं. डोळ्याच्या आत टोचायचं औषध आहे, तिथे "बहुतेक चालेल" असं काही नसतं. मामांनी तसंच केलं. वायल महागडी होती, वाईट वाटलं त्यांना, पण टाकली. मात्र प्रश्न काही तिच्या डोक्यातून गेला नाही, आणि मलाही वाटलं की प्रश्न चांगला आहे, ४३ अंशाला हा रेणू नक्की कुठून सुटायला लागतो हे बघायला काय हरकत आहे. मग तिच्या प्रोजेक्टचा विषयच तो झाला.

आधी रेणूबद्दल थोडं. पूर्ण अँटिबॉडी (शरीराचं रक्षण करणारं प्रोटीन) म्हणजे आयजीजी साधारण १५० किलोडाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), इंग्रजी वाय अक्षरासारखी. तिचा एक हात कापून घेतला की फॅब मिळतो, ५० किलोडाल्टनच्या आसपास. राणिबिझुमॅब हा असाच एक फॅब, ४८ किलोडाल्टनचा, ई. कोलाय जिवाणूत बनवतात, अमेरिकेत २००६ ला मंजूर झाला, भारतात २०१५ पासून त्याचं बायोसिमिलरही, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषधही, मिळतं. रेटिनात नको तिथे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ नावाच्या प्रोटीनला तो धरून ठेवतो. यात दोन साखळ्या असतात, हलकी २१४ अमिनो आम्लांची आणि जड साखळीचा तुकडा २३१ चा. चार डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडी घातलेले भाग : वर व्हीएच आणि व्हीएल, खाली सीएच१ आणि सीएल. प्रत्येक डोमेनच्या पोटात एक डायसल्फाइड बंध, म्हणजे दोन सल्फर अणूंमधला जोड, आणि खाली शेपटाकडे दोन साखळ्यांना एकमेकींशी बांधणारा पाचवा. हा पाचवा बंध लक्षात ठेवा, कारण पहिली गडबड तिथेच झाली.

रचना पीडीबीत, म्हणजे प्रोटीनच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहात आहे, १सीझेड८ नावाने, व्हीईजीएफला धरून बसलेल्या फॅबची. तिने व्हीईजीएफ काढून टाकलं, एकच फॅब ठेवला. मग सीएच१ मधला तो नेहमीचा लूप, म्हणजे साखळीचं सैल वळण, जो बऱ्याच फॅबच्या क्रिस्टलमध्ये धूसर असतो किंवा दिसतच नाही, तो नीट आहे का हे तपासायला लावलं. नसेल तर मॉडेलर नावाच्या प्रोग्रामने भरून घ्यायचा, रिकामा ठेवून पुढे जायचं नाही, कारण तुटलेली टोकं मोकळी सोडली की उष्णता वाढवल्यावर तिथूनच सगळं फाटताना दिसतं आणि ते खरं नसतं. आता पाचवा बंध. ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये टोपोलॉजी, म्हणजे कुठला अणू कुणाला जोडलाय याची यादी, बनवताना दोन साखळ्या दोन स्वतंत्र रेणू म्हणून घेतल्या जातात, आणि त्या 'मर्ज' करायला सांगितलं नाही तर साखळ्यांमधला डायसल्फाइड बंध बनतच नाही, चारच बनतात. प्रोग्राम एरर देत नाही, रन सुरळीत चालतो. तिच्या पहिल्या गरम रनमध्ये दोन्ही साखळ्यांची शेपटं झपाट्याने लांब जात होती आणि ती खूश होती की कमकुवत जागा सापडली, म्हणून मी टोपोलॉजीची फाईल उघडून सल्फर-सल्फर बंध मोजायला सांगितले. पाच हवेत, चार निघाले. ते रन बाजूला ठेवले आणि नव्याने सुरुवात. फॅबवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, मिनिमायझेशनच्या, म्हणजे रचनेतला ताण काढायच्या पहिल्या पायरीच्या, आधी हे बंध मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

रेणू आणि पाणी ज्यात ठेवतात तो बॉक्स डोडेकाहेड्रॉनचा, म्हणजे बारा बाजूंचा, घेतला, कडेपासून १.२ नॅनोमीटर अंतर, साधारण ८०० घन नॅनोमीटर, पाणी धरून ऐंशी हजारांच्या आसपास अणू. दोन फेम्टोसेकंदाची पायरी, लांबवरच्या विद्युत बलांसाठी पीएमई नावाची पद्धत, सगळं नेहमीचं. मशीन म्हणजे लॅबमधला एक पीसी आणि त्यात एक मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड. १९७७ मध्ये मॅककॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी प्रोटीनचं पहिलं सिम्युलेशन केलं ते ५८ अमिनो आम्लांचं, पाण्याशिवाय, आणि जेमतेम नऊ पिकोसेकंदांचं, आणि आज सोलापुरातली एक मुलगी कॉलेजच्या पीसीवर त्याच्या दहा हजार पट लांब रन करते, याचा मला खरंच आनंद वाटतो. लाईटचं मात्र तेच. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची नोंद, लिहून ठेवतो, त्यामुळे लाईट गेली तरी जास्तीत जास्त पाव तासाचं काम जातं, पुन्हा तिथूनच पुढे चालू करता येतं. यूपीएस हवाच, पण तो चेकपॉइंट जास्त कामाचा.

आता मुख्य गोष्ट. तिने आधी दोन तापमानं घेतली, २७८ केल्विन म्हणजे फ्रीजचे ५ अंश, आणि ३१६ केल्विन म्हणजे आपले ४३. शंभर-शंभर नॅनोसेकंद. आणि ग्राफ घेऊन आली तेव्हा चेहरा उतरलेला, "मॅडम, दोन्हीकडे आरएमएसडी वाढतोय, फ्रीजमध्येसुद्धा प्रोटीन उलगडतंय." खरंच, पूर्ण फॅबचा आरएमएसडी, म्हणजे अणू सुरुवातीच्या जागेपासून सरासरी किती सरकले तो आकडा, पाच-सहा अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) जाऊन वर-खाली होत होता, आणि ३१६ ला तर मध्येच एका फ्रेममध्ये एकदम कित्येक नॅनोमीटरची उडी.

उडीचं कारण सोपं. बॉक्स चहूबाजूंनी स्वतःलाच जोडलेला असतो, एका भिंतीतून बाहेर पडलेला भाग समोरच्या भिंतीतून आत येतो, त्यामुळे फॅबचा एक तुकडा इकडे आणि एक तिकडे दिसतो. ट्रॅजेक्टरी, म्हणजे रनमधल्या सगळ्या फ्रेमची मालिका, आधी पूर्ण रेणू जोडून, मग मध्यभागी आणून दुरुस्त केली की उडी गायब. कुठलीही खरी उलगड एका फ्रेममध्ये होत नाही, एवढं डोक्यात असलं तरी असा ग्राफ बघून माणूस घाबरत नाही.

पण पाच-सहा अँगस्ट्रॉम राहिलेच. इथे फॅबची स्वतःची गंमत आहे आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग हाच आहे. फॅबला कोपर असतं. वरचे दोन डोमेन एक जोडी, खालचे दोन एक जोडी, आणि मध्ये प्रत्येक साखळीचा एक छोटासा सांधा. हे कोपर वाकतं, आणि चांगलंच वाकतं, निरनिराळ्या फॅबच्या क्रिस्टल रचनांमध्ये हा कोन साधारण १२० अंशांपासून २२० च्याही पुढेपर्यंत सापडलेला आहे. म्हणजे रेणू पूर्ण धडधाकट असताना नुसतं कोपर हललं तरी सगळ्या रेणूचा मिळून काढलेला आरएमएसडी भरमसाट येतो. मी तिला सांगितलं, चारही डोमेन वेगवेगळे घे, प्रत्येक डोमेन त्याच्या स्वतःच्याच सुरुवातीच्या रचनेवर बसव आणि मग मोज, आणि कोपराचा कोन वेगळ्या ग्राफमध्ये काढ. दुसऱ्या दिवशी ती आली ती हसतच. प्रत्येक डोमेन एक-दीड अँगस्ट्रॉमच्या आत शांत बसलेला, आणि कोन मात्र डोलत होता, दोन्ही तापमानांना. आपल्याकडचे बरेच प्रोजेक्ट रिपोर्ट मी वाचलेत ज्यात फॅबचा एकच आरएमएसडी ग्राफ लावून "अस्थिर" किंवा "स्थिर" असा शिक्का मारलेला असतो, आणि त्या शिक्क्याला काही अर्थ नसतो हे मला स्पष्ट म्हणायचंय.

म्हणजे मग ४३ अंशाला काहीच होत नाही का? ती हेच म्हणाली, आणि मामांना फोन लावायच्या बेतात होती की वायल उगाच टाकली. मी म्हटलं, "बस आधी, हिशोब करू."

पहिला हिशोब तापमानाचा. आपल्याला ५ आणि ४३ यात जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, कारण आपण घामाघूम होतो. रेणूला केल्विन कळतो, २७८ वरून ३१६, म्हणजे १४ टक्क्यांच्याही आत. चांगले घट्ट फॅब तर पार ७०-८० अंश सेल्सिअसपर्यंत घडी मोडू देत नाहीत, त्यामुळे ३१६ ला पूर्ण उलगड दिसली असती तर मला सेटअपचाच संशय आला असता.

दुसरा हिशोब वेळेचा. वायल सहा तास बाहेर होती. आपला रन शंभर नॅनोसेकंद. सहा तास हे शंभर नॅनोसेकंदाच्या एकवीस हजार सहाशे कोटी पट आहेत. हे मी फळ्यावर शून्यांसकट लिहिलं, कारण तोंडी सांगून ते पोचत नाही. प्रोटीनचा एखादा कोपरा क्षणभर उघडणं आणि त्याच क्षणी शेजारचा दुसरा रेणू तिथे येऊन चिकटणं, हे सहा तासांत असंख्य वेळा घडू शकतं आणि आपल्या रनमध्ये एकदाही दिसणार नाही. शिवाय दुसरा रेणू आहे कुठे? औषधात १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर एवढा फॅब असतो, म्हणजे एका रेणूच्या वाट्याला साधारण ८,००० घन नॅनोमीटर जागा येते. आपला बॉक्स त्याच्या दहाव्या हिश्शाचा आणि त्यात एकटा फॅब, ज्याला चिकटायला कोणी नाही. गोळे होणं, ज्याला सगळे ॲग्रीगेशन म्हणतात आणि ज्याची डोळ्याच्या औषधात खरी भीती असते, ते या बॉक्समध्ये घडूच शकत नाही.

तिसरा हिशोब रसायनाचा, आणि हा सगळ्यात जड. नेहमीच्या फोर्स फील्डमध्ये, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांच्या संचात, रासायनिक बंध सुरुवातीलाच ठरलेले असतात, ते तुटत नाहीत, नवे बनत नाहीत. अॅस्पॅराजिन या अमिनो आम्लाचं डीअमिडेशन (त्यातला अमाइड गट निघून जाणं), मेथिओनिनचं ऑक्सिडेशन, हे उष्णतेने वेग घेणारे बदल आपण वर्षभर रन चालवला तरी दिसणार नाहीत. वायलमध्ये मात्र ते हळूहळू चालूच असतात, आणि ४३ ला ५ पेक्षा बरेच जोरात. ती गप्प झाली, आणि मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मॅडम, ग्राफ सपाट आला याचा अर्थ एवढाच की शंभर नॅनोसेकंदात काही झालं नाही." एवढंच. मामांना फोन गेला तो हे सांगायला की टाकली ते बरोबर केलं.

मग सिम्युलेशनचा उपयोग काय, तर किती वेळ टिकेल हे ते सांगत नाही, पण कुठून सैल पडेल हे सांगू शकतं. त्यासाठी रेणूवर जबरदस्ती करावी लागते. ३५०, ४०० आणि ४५० केल्विन अशी चढती तापमानं घेतली. ४५० केल्विन म्हणजे १७७ अंश सेल्सिअस, खरं पाणी तिथे उकळून गेलं असतं, म्हणून असे रन स्थिर आकारमानाच्या बॉक्समध्ये करतात, दाब धरून ठेवायच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्येक तापमानाला सुरुवातीचे वेग वेगळे देऊन निदान तीन रन हवेतच, एका रनवर काहीही बोलू नये.

सोलापुरी चादर कधी मधूनच उसवत नाही, काठाकडून सुटते, तसंच इथेही दिसलं, आधी साखळ्यांची टोकं आणि सीएच१ मधला तो लूप, मग डोमेनच्या कडेचे पट्टे, आणि डोमेनचा गाभा, जिथे डायसल्फाइड बंध बसलाय, तो सगळ्यात शेवटपर्यंत धरून होता. पण चारपैकी कुठला डोमेन आधी जातो यावर तिन्ही रनचं एकमत झालं नाही. तिला सरासरी काढून एक क्रम लिहायचा होता, मी लिहू दिला नाही. ज्या गोष्टीवर रन एकमेकांशी भांडतायत ती गोष्ट आपल्याला कळलेली नाही, आणि रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं. तिला आणखी एक मोह झाला होता, ४५०, ४०० आणि ३५० चे वेग घेऊन सरळ रेषा काढायची आणि ती ३१६ पर्यंत मागे ओढून "४३ अंशाला इतके तास" असं उत्तर काढायचं. दिसायला फार छान दिसतं. पण प्रोटीनची स्थिरता तापमानाप्रमाणे सरळ रेषेत बदलत नाही, ती वक्र असते, कारण उलगडताना उष्माधारकता बदलते, आणि फोर्स फील्ड तर खोलीच्या तापमानाजवळ बसवलेली असतात, ४५० ला त्यांच्याकडून जागा विचारता येते, तास विचारू नयेत.

यापुढचा भाग मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो बहुतेक प्रोजेक्टमध्ये राहूनच जातो. वायलमध्ये नुसतं पाणी आणि मीठ नसतं. मूळ ब्रँडच्या लेबलवर काय लिहिलंय ते मी तिला वाचायला लावलं : १० मिलिमोलर हिस्टिडिन बफर, १० टक्के ट्रेहॅलोज ही साखर, ०.०१ टक्का पॉलिसॉर्बेट २० (साबणासारखं काम करणारा पदार्थ), आणि पीएच ५.५. तिचे सगळे रन पीएच ७ धरून होते, कारण डीफॉल्ट तोच. ५.५ ला प्रोटीनमधली बरीचशी हिस्टिडिन नावाची अमिनो आम्लं धन प्रभार घेतात, म्हणजे पृष्ठभागावरचं विजेचं चित्रच बदलतं. प्रोपका या प्रोग्रामने प्रत्येक हिस्टिडिनचा पीकेए, म्हणजे कुठल्या पीएचच्या आसपास त्याचा प्रभार बदलतो तो आकडा, बघून प्रभार ठरवले आणि रन नव्याने लावले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पॉल डाल्बी यांच्या गटाने ए३३ नावाच्या फॅबवर असंच काम केलंय, आणि तिथे कमी पीएचला सीएल डोमेन जागचा सरकतो आणि आतले चिकट भाग उघडे पडतात असं दिसलं, तेही नुसत्या सिम्युलेशनवर विसंबून नाही, क्ष-किरण विकिरणाच्या प्रयोगाशी ताडून. त्यामुळे तिला सीएल आणि सीएच१ मधले संपर्क खास मोजायला सांगितले.

ट्रेहॅलोजचा हिशोब तिने स्वतः केला. १० टक्के म्हणजे ०.२६ मोलरच्या आसपास, आपल्या बॉक्समध्ये सव्वाशेच्या जवळपास रेणू. हिस्टिडिन बफरचे पाचेक. पॉलिसॉर्बेट तर इतकं विरळ की बॉक्सच्या वाट्याला एकही रेणू येत नाही, आणि त्याचं काम तसंही हवा-पाण्याच्या सीमेवर, जी आपल्या बॉक्समध्ये नाहीच, म्हणून ते सोडलं. साखरेचं काम कसं चालतं हे टिमाशेफ या शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवून ठेवलंय, साखर प्रोटीनच्या पृष्ठभागापासून थोडी लांब राहते, जवळ पाणी जास्त राहतं, आणि उलगडून पृष्ठभाग वाढवणं प्रोटीनला महाग पडतं. म्हणून सिम्युलेशनमध्ये पहिली तपासणी हीच की पृष्ठभागाजवळ ट्रेहॅलोज कमी आणि लांब जास्त असं दिसतंय का. काही फोर्स फील्डमध्ये साखरेचे रेणू आपसातच जास्त चिकटतात, गठ्ठे बांधतात, तसं झालं तर पुढचे सगळे आकडे फुकट. तिने आधी नुसतं ट्रेहॅलोज आणि पाणी असा छोटा रन करून गठ्ठे होतायत का ते बघून घेतलं, हे तिला मी सांगितलं नव्हतं, तिचं तिने केलं.

आता रिपोर्टचा मसुदा तयार आहे. शीर्षकात आधी "४३ अंशाला राणिबिझुमॅबची स्थिरता" होतं, ते बदलून "पीएच ५.५ ला राणिबिझुमॅब फॅबमधल्या लवचीक जागा : ट्रेहॅलोजसह आणि ट्रेहॅलोजशिवाय" असं केलंय. त्यात कोपराचा कोन आणि डोमेनवार आरएमएसडी शेजारी-शेजारी आहेत, प्रत्येक रन वेगळ्या रंगात, सरासरीच्या रेषेमागे काही लपवलेलं नाही. पाणी टाळणाऱ्या चिकट भागांसाठी एमआयटीत ट्राउट यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेली एसएपी पद्धत वापरून कुठला भाग किती उघडा पडतो तेही काढलंय. वायल चालेल की नाही यावर त्यात एक ओळसुद्धा नाही, आणि प्रस्तावनेत तिने ते का नाही हे तिन्ही हिशोबांसकट लिहिलंय.

राहिलंय ते ४०० केल्विनचे ट्रेहॅलोजवाले रन, ते सध्या चालू आहेत. त्यानंतर ज्या लॅबमध्ये डीएससी (प्रोटीन किती तापमानाला उलगडतं ते मोजणारं यंत्र) आणि साइज एक्सक्लूजन कॉलम (रेणू आकारानुसार वेगळे करणारी नळी) आहे तिथे नमुना पाठवायचा, ४० अंशाला ठेवलेला आणि फ्रीजमधला, दोन्ही, आणि गोळे किती झाले ते प्रत्यक्ष मोजायचं. पत्र लिहून झालंय, उत्तराची वाट बघतोय.